एकच अँप, चार पॉवर ट्यूब : प्रकल्प नोंदी

४ मे

पॉवर ट्यूब बदलली की गिटार अँपचा टोन बदलतो. पण जुनी उपसून नवी खोचली की ट्यूबबरोबर बायस (ग्रिडवरचं स्थिर उणे व्होल्टेज, ज्यावर ट्यूबचा विश्रांतीचा करंट ठरतो), लोडचं गणित, फीडबॅकचं (आउटपुटचा उलट परत दिलेला अंश) प्रमाण आणि आवाजाची पातळी, सगळंच एकदम हलतं. कानाला लागलेला फरक मग ट्यूबच्या नावावर जमा होतो. यातलं ट्यूबचं स्वतःचं किती, ते वेगळं काढायला हा चाचणीचा अँप बांधायचा आहे.

ट्यूब चार. ६व्ही६जीटीए : प्लेटची (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याची) उष्णता सोसायची मर्यादा १४ वॅट, हीटर (आतली तापणारी तार) ०.४५ अँपिअर. ६एल६जीसी : ३० वॅट, ०.९ अँपिअर. ईएल३४ : २५ वॅट, १.५ अँपिअर. केटी८८ : ४२ वॅट, १.६ अँपिअर. यातली ईएल३४ तेवढी खरी पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडची. बाकी तिन्ही बीम टेट्रोड आहेत, म्हणजे सप्रेसर ग्रिडऐवजी बीम प्लेट असलेल्या.

पॉवर ट्रान्सफॉर्मरला दोन टॅप : ३२५-०-३२५ आणि ६व्ही६साठी २७५-०-२७५. बायससाठी वेगळा ५० व्होल्टचा टॅप. हीटरचं वाइंडिंग ६ अँपिअरचं, कारण केटी८८ची जोडी आणि तीन १२एएक्स७ (पॉवर ट्यूबच्या आधीच्या छोट्या ट्यूब) मिळून ४.१ अँपिअर ओढतात. ६एल६साठी गुंडाळलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ईएल३४ची जोडी लावली तर हीटरचा भार १.२ अँपिअरने वाढतो. ट्रान्सफॉर्मर तापतो आणि दोष ट्यूबला लागतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ६० वॅट, प्लेट ते प्लेट ४ के (के म्हणजे हजार ओहम), बाहेर ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप. ६व्ही६च्या जोडीला ८ के हवेत. त्यासाठी दुसरा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर लावला की प्रायमरीला ८ के दिसतात.

९ मे

चासीची भोकं पाडली. दोन ऑक्टल सॉकेटच्या केंद्रांत ७५ मिमी अंतर. केटी८८ची काच ५२ मिमीपर्यंत जाड असते, म्हणून एवढी जागा सोडली.

सॉकेटचं वायरिंग : २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी ग्रिड), ५ ग्रिड (सिग्नल इथे येतो), ८ कॅथोड (इथून इलेक्ट्रॉन निघतात). १ नंबरची पिन ८ला जोडून तिथून १ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. ईएल३४मध्ये सप्रेसर ग्रिड (स्क्रीन आणि प्लेटच्या मधली तिसरी) या १ नंबरच्या पिनवर बाहेर येते आणि ती कॅथोडलाच हवी. बाकी तिघींना या जोडणीचा त्रास नाही.

फेंडरच्या बऱ्याच अँपमध्ये १ आणि ६ या पिना रिकाम्या धरून टेकू म्हणून वापरलेल्या असतात : १ वर ग्रिडचा १.५ केचा रेझिस्टर, ६ वर स्क्रीनचा ४७० ओहमचा. तशा सॉकेटमध्ये ईएल३४ खोचली तर सप्रेसरवर थेट सिग्नल आणि बायस येतो. आधी १ नंबर मोकळी करा, मग ट्यूब लावा. इथे तो गोंधळच नको म्हणून वेगळ्या टॅगपट्ट्या बसवल्या.

स्क्रीनला प्रत्येकी १ के, ५ वॅट.

१६ मे

फिल्टरला ३५० व्होल्टचे दोन १०० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० के १ वॅट. विनाभार ४६० व्होल्ट येतात, त्यामुळे ५०० व्होल्टचा एकच कपॅसिटर लावून काठावर चालणं नको वाटलं. याच २२० केमधून चार्ज उतरतो, पण पूर्ण उतरायला दोन मिनिटं जातात. चासीत हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच.

बायस : ५० व्होल्टच्या टॅपवरून डायोड, १०० मायक्रोफॅरड, मग ४.७ के. तिथून प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र २५ केचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि त्याखाली २२ के ग्राउंडला. पल्ला उणे २७ ते उणे ५८ व्होल्ट, म्हणजे चारही ट्यूब एकाच सर्किटात बसतात. पॉटच्या मधल्या पायापासून जास्त उणे टोकाला २२० के जोडला. पॉटचा सरकता पाय कधी उचलला गेलाच, तर ग्रिड जास्त उणे होते आणि ट्यूब बंद पडते. हा रेझिस्टर नसेल तर बायस निघून जातो आणि ट्यूब पेटते.

ग्रिड-लीक (ग्रिडपर्यंत बायस पोचवणारा रेझिस्टर) १५० के. फेंडर-मार्शलमध्ये २२० के सर्रास दिसतात आणि ईएल३४ला ते चालतात. तिच्या डेटाशीटची फिक्स्ड (बाहेरून दिलेल्या) बायसमधली मर्यादा ५०० के आहे. ६एल६जीसीची मर्यादा मात्र १०० के आणि केटी८८च्या जातीच्या ६५५०ची तर ५० के. मोठ्या ग्रिड-लीकवर ग्रिडचा बारीकसा करंटही बायस शून्याकडे खेचतो. ट्यूब तापते, करंट वाढतो, ती आणखी तापते. १०० के लावले असते तर फेज इन्व्हर्टरवर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन्ही पॉवर ट्यूबना देणाऱ्या पायरीवर) भार पडून त्याची झेप आखडली असती. १५० के ही तडजोड आहे आणि चारही ट्यूबना तीच ठेवली.

१७ मे

पहिल्यांदा चालू केला, सिरीज बोर्डवर १०० वॅटचा दिवा लावून, म्हणजे शॉर्ट असला तर करंट दिवाच अडवेल. पॉवर ट्यूब न लावता आधी बायस मोजला, दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरवर उणे ५८ मिळाले. मगच ट्यूब.

फीडबॅक जोडताच कर्कश शिट्टी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडच्या दोन वायरी उलट होत्या. अदलाबदल केली, थांबली. नवीन ट्रान्सफॉर्मर लावताना हे निम्म्या वेळा होणारच, म्हणून पहिल्या चाचणीपर्यंत त्या वायरी लांब ठेवाव्यात.

२३ मे

पायाभूत मोजमाप ६एल६जीसीवर. प्लेटवर ४४० व्होल्ट. ३० वॅटच्या ६५ टक्के धरले तर १९.५ वॅट, म्हणजे प्लेटचा करंट ४४ मिलिअँप. बायस उणे ४४ व्होल्टवर स्थिरावला.

१ ओहमवर मीटर जो आकडा दाखवतो तो कॅथोडचा करंट असतो, स्क्रीनचा वाटा त्यातच मिसळलेला. ४६.५ मिलिव्होल्ट आले, म्हणजे ४६.५ मिलिअँप. स्क्रीनच्या १ केवर २.५ व्होल्ट पडले, म्हणजे २.५ मिलिअँप. वजा करून ४४. ६एल६मध्ये ही वजाबाकी विसरली तरी फारसं बिघडत नाही, ईएल३४मध्ये बिघडतं.

१ किलोहर्ट्झवर क्लिप (लाटेचा माथा कापला जाणं) सुरू होताना ४६ वॅट.

एक सावधगिरी. ६एल६ नावाची प्रत्येक ट्यूब ३० वॅटची नसते. मूळ १९३६ची धातूच्या कवचातली ६एल६ १९ वॅटची, ५८८१ २३ वॅटची. ३० वॅट फक्त जीसीला. बायसचं गणित हातातल्या ट्यूबच्या आकड्यावर करायचं.

२४ मे

आज मुद्दाम चूक केली : ६एल६ काढून तिच्याच बायसवर, उणे ४४वर, ईएल३४ लावली. करंट १६ मिलिअँपवर घसरला. स्कोपवर (लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) शून्य ओलांडताना लाटेला स्पष्ट खाच. गिटारवर ठोक ठीक येते, पण सूर विझत जाताना शेवटी चरचर होते, जणू स्पीकरच्या कोनवर वाळूचे कण नाचताहेत. ‘ईएल३४ खरखरीत वाजते’ या मताचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. ट्यूब थंड पडलेली असते आणि बोल तिच्या जातीला लागतो.

बायस उणे ३७वर आणला. कॅथोडचे ४२ मिलिअँप, त्यातले स्क्रीनचे ५, म्हणजे प्लेटला ३७. गुणिले ४४० म्हणजे १६.३ वॅट, २५च्या ६५ टक्के. खाच गेली आणि खरखरही गेली.

उलटी चूक कागदावरच केली. ६एल६जीसी उणे ३७वर ठेवली तर करंट ७० मिलिअँपच्या वर जातो, म्हणजे ३० वॅटची मर्यादा ओलांडली. केटी८८ तिथे १०० मिलिअँपही सहज ओलांडेल. अशा वेळी दिवे मालवून ट्यूबकडे बघा. आधी प्लेटच्या सांध्यालगत मंद विटकरी पट्टा दिसतो, मग तो पसरतो. पट्टा दिसताक्षणी बंद करायचं. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक मात्र निरुपद्रवी असते, तिला घाबरू नये.

३० मे

ईएल३४च्या एका सॉकेटवर करंट स्थिर राहीना. प्लेटच्या वायरीजवळ इन्सुलेटेड काठी नेली की आकडा ४२वरून ५५वर उडायचा. स्कोपवर लाटेच्या माथ्यावर, फक्त वरच्या टोकाला, धूसर जाडी. ऐकू येण्याच्या पलीकडचं ऑसिलेशन. ६एल६ याच जागी शांत होती, कारण ईएल३४चा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडवरच्या एका व्होल्टमागे बदलणारा करंट, जवळजवळ दुप्पट आहे. डेटाशीटमध्ये ११ ते १२ मिलिअँप प्रति व्होल्ट, ६एल६मध्ये ६च्या आसपास.

ग्रिडचा १.५ केचा रेझिस्टर टॅगपट्टीवर होता आणि तिथून ५ नंबरपर्यंत ४ सेंटीमीटर उघडी वायर. रेझिस्टर बदलून ५.६ के केला, त्याचा पाय कापून अंग थेट पिनेला टेकवून सोल्डर केलं. जाडी गेली. अंतराचा दोष अंतर मिटवूनच गेला. नुसता १.५ केचा ५.६ के करून धूसरपणा कमी झाला होता, पूर्ण गेला नव्हता.

आता चारही ट्यूबना ५.६ के.

६ जून

या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद.

फीडबॅक ८ ओहमच्या टॅपवरून ४७ के आणि ४.७ केच्या विभाजनाने परत येतो. फीडबॅक जोडून आणि तोडून पातळीतला फरक मोजला. ६एल६जीसीला ७ डेसिबल, ईएल३४ला ९ डेसिबल. सर्किटात काहीच बदललं नाही, फक्त ट्यूबची मूळ गेन जास्त, त्यामुळे फीडबॅकही जास्त. परिणामी प्रेझेन्सचं (वरच्या ट्रेबलचं) बटण वेगळं वागतं, स्पीकरवरचा ताबा घट्ट होतो आणि क्लिपची सुरुवात जास्त अचानक होते. हे सगळं ऐकून कोणीही ‘ईएल३४चा टोन’ म्हणेल.

४७ केच्या जागी ६८ के लावले. ईएल३४चा फीडबॅकही ७ डेसिबलवर आला.

मग खऱ्या स्पीकरवर १ वॅटला फ्रिक्वेन्सी मोजली. स्पीकरऐवजी लावतात तो रेझिस्टरचा डमी लोड इथे कुचकामी, कारण स्पीकरचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा रोध) ८ ओहम फक्त एका पट्ट्यात असतो. कॅबिनेटच्या रेझोनन्सला, इथे ९० हर्ट्झला, तो कित्येक पट चढतो, आणि ट्रेबलकडेही चढत जातो. पेंटोड असो वा बीम टेट्रोड, तिचा आतला रोध मोठा असतो. म्हणून इंपिडन्स चढला की व्होल्टेजही चढतं. फीडबॅक तोडून ९० हर्ट्झचा उंचवटा ४०० हर्ट्झच्या तुलनेत ९ डेसिबल, जोडून ३ डेसिबल. फीडबॅक समान केल्यावर ६एल६ आणि ईएल३४ यांच्यात कुठेही १ डेसिबलच्या वर फरक उरला नाही.

ईएल३४ मिड पुढे काढते असं सगळीकडे म्हटलं जातं. क्लीन पातळीवर, समान फीडबॅकला, या अँपमध्ये तो मिडचा फुगवटा मोजमापात नाही. आमच्या मते त्या ख्यातीतला मोठा हिस्सा ज्या मार्शल अँपमध्ये ही ट्यूब ऐकली जाते त्यांच्या टोन स्टॅकचा (बास-मिड-ट्रेबलच्या सर्किटचा) आणि सढळ फीडबॅकचा आहे.

आणखी एक. फीडबॅक समान न करता नुसती अदलाबदल केली, तेव्हा त्याच व्हॉल्यूमला ईएल३४ १.३ डेसिबल मोठी वाजत होती. एवढ्या फरकाला कान ‘मोठा’ म्हणत नाही, ‘भरदार’ म्हणतो.

७ जून

मग उरतं काय? क्लिप होतानाचं वागणं, आणि तिथे फरक खरा आहे.

प्लेटचं व्होल्टेज स्क्रीनच्या खाली गेलं की स्क्रीन करंट ओढू लागते. क्लिपमध्ये स्क्रीनच्या १ केवर सरासरी ११ व्होल्ट पडले ६एल६जीसीत आणि १७ व्होल्ट ईएल३४त. म्हणजे ईएल३४चा स्क्रीन-व्होल्टेज ठोक बसताच जास्त खाली येतो आणि माथा हळू दबतो. स्कोपवर तिच्या लाटेचे खांदे गोलसर, ६एल६चे जास्त काटकोनी. वाजवताना ईएल३४ लवकर आणि हळूहळू मळते. ६एल६ शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम कडक होते. खर्जाच्या तारा तिच्यात सुट्या राहतात.

१ केचे रेझिस्टर केवळ टोनसाठी नाहीत. ईएल३४च्या स्क्रीनची मर्यादा ८ वॅट, ६एल६जीसीची ५. १७ मिलिअँपला साधारण ७ वॅट होतात. तिथे रेझिस्टरच नसेल किंवा १०० ओहमचा असेल, तर जोरात वाजवताना स्क्रीनच्या तारा प्लेटच्या आत पेटलेल्या दिसतील आणि ट्यूब शॉर्ट होईल.

ईएल३४ क्लिपमध्ये ४९ वॅट.

१३ जून

केटी८८. बायस उणे ४८, प्लेटला ५० मिलिअँप, म्हणजे २२ वॅट. मर्यादेच्या निम्म्यावरच, पण लाट स्वच्छ आहे आणि अधिक तापवून काही मिळत नाही.

५६ वॅट मिळाले. मोठी ट्यूब लावली म्हणून दुप्पट वॅट येत नाहीत. व्होल्टेज आणि ४ केचा लोड तेच आहेत. १०० वॅट हवे असतील तर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तसेच लागतात.

इथे वेगळीच अडचण निघाली. ही ट्यूब पूर्ण चालवायला ग्रिडवर ४८ व्होल्टची झेप हवी, आणि फेज इन्व्हर्टरमधली १२एएक्स७ ५० व्होल्टच्या आसपासच चपटी होऊ लागते. म्हणजे जोरात वाजवल्यावर ऐकू येणारा फाटका आवाज निम्मा इन्व्हर्टरचा. केटी८८चा ओव्हरड्राइव्ह कोरडा असतो अशी तक्रार असेल तर आधी स्कोप तिच्या ५ नंबरच्या पिनेवर ठेवून बघा.

इन्व्हर्टरपासून ग्रिडला जोडणारे कपलिंग कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे होते. १५० केसोबत ते सावरायला १५ मिलिसेकंद घेतात. जोराच्या ठोकीनंतर आवाज क्षणभर गिळला जायचा. ०.०२२ लावले, काळ ३.३ मिलिसेकंदांवर आला, गिळणं थांबलं. खर्ज थोडा आटला, पण गिटारला पुरेसा आहे.

१४ जून

६व्ही६. सप्लाय खालच्या टॅपवर, प्लेट ३७० व्होल्ट. ही जोडी कमी ओढते म्हणून हीटर ६.७ व्होल्टवर चढला. १० टक्क्यांच्या आत आहे, चालेल. स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर. प्लेटला २६ मिलिअँप, बायस उणे २९. १८ वॅट.

टॅप बदलायला विसरून आधी एकदा ८ ओहमच्या टॅपवरच चालवला होता. वॅट घटले आणि क्लिप बसकी, बोथट आली. नुकसान नाही, पण त्या अवस्थेत ६व्ही६बद्दल मत बनवलं असतं तर ते चुकलं असतं.

२० जून

ईएल८४, व्हॉक्सच्या अँपमधली छोटी पॉवर ट्यूब, का नाही? प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट, नऊ पिनांचं सॉकेट, आणि १० ते १२ व्होल्टच्या झेपेत भरून जाणारी ट्यूब. हा इन्व्हर्टर तिला बुडवेल. शिवाय व्हॉक्स एसी३० अँपची जी खणखण तिच्या नावावर आहे तिच्यात कॅथोड बायस (कॅथोडच्या रेझिस्टरवर आपोआप तयार होणारा बायस) आणि फीडबॅकचा अभाव यांचा मोठा वाटा आहे. तो वाटा ६व्ही६वरच तपासून पाहिला.

दोन्ही कॅथोड एकत्र करून ४७० ओहम १० वॅट, त्यावर ४७ मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट. ग्रिड-लीक ग्राउंडला. फीडबॅक तोडला. स्थिर अवस्थेत कॅथोडवर २७ व्होल्ट. जोरात वाजवताना सरासरी करंट वाढतो, कॅथोड ३३ व्होल्टवर चढतो, म्हणजे ट्यूब स्वतःच थंड होते आणि सूर सोडताना परत उमलते. १५ वॅट.

त्याच ट्यूब, तोच स्पीकर, आणि बदल इतका की शेजारी उभं राहून कोणालाही ट्यूबची जोडी बदलली असंच वाटेल. आतापर्यंतच्या कुठल्याही अदलाबदलीत एवढा फरक मिळाला नव्हता.

२७ जून

ऐकण्याची चाचणी. हात बदलला की टोन बदलतो, म्हणून एकच फ्रेझ लूपरवर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा वाजवणाऱ्या पेडलवर) घेऊन तीच अँपला दिली. स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. प्रत्येक जोडी आधी २० मिनिटं तापवली.

क्लीनमध्ये, बायस आणि फीडबॅक जुळवलेल्या ६एल६ आणि ईएल३४ यांच्यातली उत्तरं अंदाजपंचे आली. क्लिपच्या उंबरठ्यावर, जिथे हलका हात स्वच्छ आणि जड हात मळलेला वाजतो, तिथे फरक ओळखू आला. पूर्ण ओव्हरड्राइव्हमध्ये पुन्हा धूसर, कारण तिथे इन्व्हर्टरचाच आवाज वरचढ असतो.

४ जुलै

ईएल३४ लावून साधारण ४० तास झाले. करंट पुन्हा मोजला : एक सॉकेट ४२, दुसरं ४७. ट्यूबची जागा अदलाबदल केली, ४७चा आकडा ट्यूबबरोबर गेला. म्हणजे सर्किट ठीक, ट्यूब सरकली. स्वतंत्र पॉट असल्यामुळे ती १ व्होल्टपेक्षा कमी फिरवून ४२वर आणली. एकच बायस पॉट असलेल्या अँपमध्ये हा ५ मिलिअँपचा फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकाच दिशेला चुंबकत्व धरतो, आणि खर्ज सगळ्यात आधी पातळ होतो.

झाकणाच्या आत कागद चिकटवला : ट्यूब, बायस, कॅथोडचा आकडा, फीडबॅकचा रेझिस्टर, स्पीकरचा टॅप. ट्यूब बदलणाऱ्याने पाचही बघायचे.